नांदेडचे विमान हैदराबादला का गेले? महाराष्ट्राच्या विमानतळांचा इतिहास

१/
२७ एप्रिल २०१७. सिमल्याहून दिल्लीला निघालेल्या एका छोट्या विमानाला पंतप्रधानांनी हिरवा झेंडा दाखवला आणि 'उडान' ही प्रादेशिक विमानसेवेची योजना प्रत्यक्षात आली. त्याच दिवशी देशात आणखी दोन मार्गांचा आरंभ झाला. त्यांपैकी एक महाराष्ट्राच्या वाट्याला आला होता. तो नांदेडचा होता. परंतु हा मार्ग नांदेडला मुंबईशी जोडत नव्हता, पुण्याशी नाही आणि नागपूरशीही नाही. तो जोडत होता हैदराबादशी.

२/
राज्य महाराष्ट्राचे, राजधानी मुंबई आणि विमान मात्र शेजारच्या राज्याच्या राजधानीकडे. ही चूक होती की योगायोग? दोन्ही नाही. या एका मार्गामागे जवळपास नव्वद वर्षांचा इतिहास उभा आहे. क्षेत्रफळाने देशात तिसरे असलेल्या या राज्यातील कोणत्या भागाला विमानतळ मिळाला, कोणत्या कारणासाठी मिळाला आणि तेथून विमान कोणत्या दिशेला उडाले, याची ही कथा आहे.

३/
आरंभ जुहूपासून. १९२८ मध्ये जुहूच्या समुद्रकिनाऱ्यालगत मुंबईचे विमान उतरण्याचे मैदान सुरू झाले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून पुस मॉथ जातीचे छोटे विमान घेऊन, अहमदाबादमार्गे याच मैदानावर उतरले. विमानात प्रवासी नव्हते, टपालाच्या थैल्या होत्या. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी तेच टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. भारतीय नागरी विमानसेवेचा पाया या टपालफेरीने घातला.

४/
पण जुहूला एक मोठी अडचण होती, आणि ती होती कोकणातला पाऊस. मृगाच्या सरी कोसळू लागल्या की या सखल मैदानाचा चिखल होई. मग टाटांची विमाने, वैमानिक आणि कारागीर असा सारा संसार सह्याद्री ओलांडून पुण्याला जाई आणि पावसाळाभर तेथूनच टपाल उडे. मुंबईचा विमानतळ वर्षातले चार महिने घाटावर नांदत असे. राज्याच्या भूगोलाने विमानांना पहिला धडा दिला तो असा.

५/
यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत महाराष्ट्राच्या भूमीवर अनेक धावपट्ट्या झाल्या. त्या कोणासाठी होत्या, हे पाहणे उद्बोधक आहे. पुण्याजवळ लोहगावचा तळ १९३९ मध्ये ब्रिटिशांच्या रॉयल एअर फोर्ससाठी उभारला गेला. सांताक्रूझची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धात लष्करी विमानांनी वापरली. पूर्व टोकाला, गोंदियाजवळच्या बिरसी गावातली धावपट्टीही त्याच युद्धाची देन. प्रवाशांचा विचार यांपैकी कोणाच्याही मुळाशी नव्हता.

६/
याला एक लक्षणीय अपवाद होता : कोल्हापूर. १९३९ मध्ये छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत उजळाईवाडी येथे संस्थानाने स्वतःचा विमानतळ सुरू केला. आपल्या राज्याला जगाशी जोडणारी वाट असावी, ही एका संस्थानिकाची दृष्टी त्यामागे होती. १९४९ मध्ये कोल्हापूर मुंबई राज्यात विलीन झाले. राजधानीचे ते शहर जिल्ह्याचे ठिकाण बनले आणि विमानतळाचे महत्त्वही ओसरले. पुढील कित्येक दशके तेथील सेवा कधी सुरू, कधी बंद अशीच राहिली.

७/
युद्ध संपले. सांताक्रूझ नागरी वापरासाठी खुले झाले आणि जुहूचे दिवस मागे पडले. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. मुंबई जगाशी जोडली गेली होती. त्या वेळी मराठवाडा निझामाच्या राज्यात होता. हैदराबादचे विलीनीकरण अजून तीन महिने दूर होते. विदर्भ मध्यप्रांतात होता आणि त्याची राजधानी होती नागपूर. आजचे राज्य तेव्हा तीन सत्तांत विभागलेले होते.

८/
आता नागपूर. ३० जानेवारी १९४९ पासून या शहराच्या सोनेगाव विमानतळावर रोज मध्यरात्री एक विलक्षण दृश्य दिसू लागले. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चारही महानगरांतून रात्री एकेक विमान निघे आणि चौघेही नागपुरात भेटत. धावपट्टीलगतच्या उजेडात टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई, प्रवासी विमान बदलत आणि पहाटेपर्यंत प्रत्येक विमान आपापल्या गावी परते. दळणवळण मंत्री रफी अहमद किडवई यांच्या काळात सुरू झालेली ही 'रात्रीची हवाई टपाल सेवा' होती.

९/
या व्यवस्थेमुळे मुंबईत संध्याकाळी टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी मद्रासला मिळू शकले. नागपूरची निवड साध्या भूगोलाने झाली : चारही शहरांपासून सोयीचे, देशाच्या मध्यावरचे ठिकाण. मात्र एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ही सेवा नागपुरात होती, पण ती नागपूरसाठी नव्हती. विमाने वऱ्हाडातल्या व्यापाऱ्याला कोठे नेण्यासाठी उतरत नव्हती, ती एकमेकांना भेटण्यासाठी उतरत होती. विमानतळ असणे आणि विमानतळ आपल्या प्रदेशाच्या कामी येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथे प्रथम ठळकपणे दिसते.

१०/
१९५३ हे वर्ष दोन कारणांनी महत्त्वाचे. १ ऑगस्टला देशातील खासगी विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले : देशांतर्गत उड्डाणे इंडियन एअरलाइन्सकडे, परदेशी उड्डाणे एअर इंडियाकडे. आणि २८ सप्टेंबरला मराठी भाषक प्रदेशांतील नेत्यांनी नागपूर करारावर सह्या केल्या. भावी राज्यात विदर्भ आणि मराठवाड्याला निधी, नोकऱ्या आणि शिक्षण यांत न्याय्य वाटा मिळेल आणि वर्षातून एक अधिवेशन नागपुरात होईल, असे त्यात ठरले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हे प्रदेश मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र जन्मास आला.

११/
राज्य एक झाले, पण वाटा एका रात्रीत बदलत नाहीत. मराठवाड्याचे रेल्वेमार्ग निझामाच्या काळात हैदराबादला केंद्र मानून टाकलेले. तेथील उच्च न्यायालय, मोठी रुग्णालये, बाजारपेठा, नातीगोती यांचा ओढा पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच होता. आजही नांदेडचा रेल्वे विभाग दक्षिण मध्य रेल्वेत मोडतो आणि तिचे मुख्यालय सिकंदराबादला आहे. हवाई अंतराने हैदराबाद नांदेडच्या जवळ, मुंबई त्याच्या सुमारे दुप्पट दूर. २०१७ च्या त्या उड्डाणाची दिशा अशा रीतीने बरीच आधी ठरून गेली होती.

१२/
नव्या राज्यात विमानतळ कोठे वाढले? जेथे केंद्र सरकारला काही कारण दिसले तेथे. १९६४ मध्ये नाशिकजवळ ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना आला आणि तेथे मिग-२१ विमाने बांधण्याचे काम सुरू झाले. त्यासाठी उत्तम धावपट्टी झाली, पण ती कारखान्याची. द्राक्ष, कांदा आणि यंत्रमाग यांच्या या जिल्ह्याला प्रवाशांसाठी ओझरला स्वतंत्र टर्मिनल मिळाले ते थेट मार्च २०१४ मध्ये. लढाऊ विमान आणि प्रवासी विमान यांच्यात पन्नास वर्षांचे अंतर पडले.

१३/
पुण्याची कथाही याच जातीची. लोहगावची धावपट्टी स्वातंत्र्यानंतर भारतीय हवाई दलाकडे आली. नागरी विमानतळ हा तेथे जागा वापरणारा पाहुणा. उद्योग वाढले, संगणक क्षेत्र आले, शहर फुगले, तरी धावपट्टीचा मालक बदलला नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये धावपट्टीच्या दुरुस्तीसाठी चौदा दिवस पुण्याची सारी प्रवासी उड्डाणे बंद राहिली. देशातील एवढ्या मोठ्या औद्योगिक शहराकडे दुसरी धावपट्टी नव्हती. त्या दोन आठवड्यांत पुणेकरांना मुंबईच्या वाटेला लागावे लागले.

१४/
औरंगाबादला (आजचे छत्रपती संभाजीनगर) मात्र विमान वेगळ्या कारणाने आले. अजिंठा आणि वेरूळची लेणी १९८३ मध्ये जागतिक वारसा ठरली, पण परदेशी पर्यटकांचा ओघ त्याआधीपासूनच होता. चिकलठाण्याला उतरणारे विमान दिल्ली, जयपूर, उदयपूर, औरंगाबाद, मुंबई अशा साखळीने उडे. राजस्थानचे महाल पाहून आलेला पर्यटक येथे लेणी पाही आणि पुढे जाई. मराठवाड्याची राजधानी समजल्या जाणाऱ्या शहराचे वेळापत्रक अशा रीतीने पर्यटकाच्या सहलीवर बेतलेले होते.

१५/
याच साखळीतील एका उड्डाणाने २६ एप्रिल १९९३ रोजी चिकलठाण्याहून मुंबईसाठी धाव घेतली. बोइंग ७३७ विमानात ११८ जण होते. धावपट्टीच्या टोकापलीकडून बीडचा रस्ता जात होता आणि नेमक्या त्याच क्षणी त्यावरून कापसाच्या गाठींनी भरलेला ट्रक चालला होता. जमीन सोडत असलेले विमान ट्रकला धडकले, पुढे विजेच्या तारांत अडकून शेतात कोसळले. ५५ जण मृत्युमुखी पडले.

१६/
चौकशीत वैमानिकांच्या चुकीबरोबरच आणखी एक कारण नोंदले गेले : उड्डाणाच्या वेळी त्या रस्त्यावरची वाहतूक रोखण्याची व्यवस्था विमानतळ प्राधिकरणाने केली नव्हती. कापूस हे मराठवाड्याचे प्रमुख नगदी पीक आणि तो बाजारात नेण्याचा रस्ता हाच तेथील जीवनव्यवहार. विमानतळ आणि त्याभोवतीचा प्रदेश एकमेकांना खेटून उभे होते, पण एकाने दुसऱ्याची दखल घेतलेली नव्हती. त्या दुर्लक्षाची किंमत पंचावन्न माणसांनी मोजली.

१७/
दरम्यान राज्यात प्रादेशिक विषमतेचा प्रश्न तापला होता. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली १९८३ मध्ये समिती नेमली गेली. तिने १९८४ मध्ये अहवाल देऊन प्रत्येक विभागाचा 'अनुशेष' मोजला. रस्ते, पाटबंधारे, वीज, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशा क्षेत्रांत कोण किती मागे आहे, याचे आकडे मांडले. त्या यादीत विमानतळ नव्हते. ते तेव्हा स्वाभाविकही होते. ज्या गावात वीज नाही तेथे विमानाची चर्चा कोण करणार? पण परिणाम असा झाला की, विमानसेवेतील अंतर कोणत्याच हिशेबात आले नाही.

१८/
लहान शहरांसाठी पहिला सरकारी प्रयत्न होता 'वायुदूत'. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांनी मिळून १९८१ मध्ये ही कंपनी काढली. मुळात ती ईशान्य भारतासाठी होती, मग तिचा पसारा देशभर वाढला. एकोणीस आसनांच्या डॉर्निअर विमानांसारखी छोटी विमाने लहान धावपट्ट्यांवर उतरू लागली. प्रवासी तुरळक, खर्च मोठा आणि तोटा वाढता. १९९३ मध्ये वायुदूत इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली आणि लहान गावांची धावपट्टी पुन्हा गवताखाली गेली.

१९/
१९९४ मध्ये राष्ट्रीयीकरणाचा कायदा रद्द झाला आणि खासगी कंपन्यांना रान मोकळे झाले. कंपन्या साहजिकच नफ्याच्या मार्गांकडे धावल्या. त्यामुळे सरकारने अट घातली की, महानगरांना जोडणाऱ्या मार्गांवर उडणाऱ्या कंपनीने काही उड्डाणे दुर्गम भागांनाही द्यावीत. पण त्या सवलतीच्या यादीत ईशान्य भारत, काश्मीर आणि बेटे यांना प्राधान्य होते. लातूर, धुळे किंवा गोंदिया हे कागदोपत्री 'दुर्गम' नव्हते आणि कंपनीच्या दृष्टीने फायद्याचेही नव्हते. ते मधल्या मध्ये राहिले.

२०/
मग राज्य सरकारच उतरले. २००२ मध्ये महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली. नागपूरच्या मध्यवर्ती स्थानाचा आधार घेऊन तेथे 'मिहान' हा मालवाहतूक आणि उद्योगांचा प्रकल्प आखला गेला. १९४९ च्या टपालफेरीमागे जो भूगोल होता, तोच येथे पुन्हा कामाला लावला गेला. नांदेड, लातूर, बारामती, यवतमाळ आणि धाराशिव येथील धावपट्ट्या २००९ मध्ये खासगी कंपनीला ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिल्या गेल्या. त्यांतील यवतमाळ, धाराशिवसारखी ठिकाणे त्यानंतरही नियमित प्रवासी सेवेची वाटच पाहत राहिली.

२१/
जेथे श्रद्धा होती तेथे मात्र प्रवासी होते. २००८ मध्ये नांदेडला गुरुतागद्दीचा त्रिशताब्दी सोहळा झाला आणि त्यासाठी विमानतळाचा कायापालट झाला. २०१७ च्या अखेरीस नांदेडहून अमृतसरला थेट विमान सुरू झाले : सचखंड हुजूर साहिबहून सुवर्णमंदिराकडे. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला काकडी गावातील शिर्डी विमानतळाचे उद्घाटन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते झाले. साईभक्तांसाठी चेन्नई, हैदराबाद, बंगळुरू येथून विमाने येऊ लागली. पर्यटकाने औरंगाबादला जे दिले, ते यात्रेकरूने या दोन गावांना दिले.

२२/
आता पुन्हा 'उडान'. या योजनेत सुमारे तासाभराच्या प्रवासासाठी विमानातील अर्ध्या जागांचे भाडे अडीच हजार रुपयांवर बांधले गेले. होणारी तूट सरकारने भरून द्यायची, तीही तीन वर्षांपर्यंत. तोवर मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहील, अशी अपेक्षा होती. २३ डिसेंबर २०१७ रोजी जळगाव मुंबईशी जोडले गेले. केळी आणि सोन्याच्या या बाजारपेठेला २०१२ मध्येच नवा विमानतळ मिळाला होता, प्रवासी विमान मिळायला आणखी पाच वर्षे लागली. आणि तीही सेवा काही महिन्यांतच खंडित झाली.

२३/
असे का व्हावे? उत्तराचा मोठा भाग मुंबईत आहे. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी पूर्ण क्षमतेने वापरता येत नाहीत. २०१८ मध्ये या विमानतळाने एका दिवसात एक हजाराहून अधिक विमानांची ये-जा हाताळली. अशा गर्दीत सत्तर आसनांचे जळगावचे विमान आणि तीनशे आसनांचे दुबईचे विमान उतरायला जवळजवळ सारखीच वेळ आणि जागा घेतात. विमानतळाचे व कंपनीचे उत्पन्न मात्र सारखे नसते. लहान विमानाला मिळते ती अडनिडी वेळ, किंवा मिळतच नाही.

२४/
त्यामुळे महाराष्ट्रातील लहान विमानतळ आपल्याच राजधानीपासून दुरावले आणि ज्या शहरांना धावपट्टीवर जागा होती त्यांच्याकडे वळले. १३ मार्च २०२२ रोजी बिरसीच्या युद्धकालीन धावपट्टीवरून गोंदियाचे पहिले प्रवासी विमान उडाले. मार्ग होता इंदूर, गोंदिया, हैदराबाद. ती सेवा टिकली नाही. डिसेंबर २०२३ मध्ये नवी सेवा आली, तीही हैदराबाद आणि तिरुपतीची. रेल्वेने मुंबई येथून साडेनऊशे किलोमीटरांहून दूर आहे. धानाच्या या जिल्ह्यातून मंत्रालयात काम असणारा माणूस रेल्वेची रात्र काढूनच जातो.

२५/
कोकणाचे दुखणे आणखी निराळे. मुंबईच्या चाकरमान्यांचा हा प्रदेश; गणपतीला गावी पोचण्यासाठी महिनोन्‌महिने आधी रेल्वेची तिकिटे संपतात. सिंधुदुर्गात चिपीच्या जांभ्या दगडाच्या सड्यावर बांधलेला विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला. सव्वा वर्षाने, जानेवारी २०२३ मध्ये, सीमेपलीकडे पेडणे तालुक्यात गोव्याचा मोपा विमानतळ कार्यान्वित झाला. तेथे उड्डाणे अधिक, शहरे अधिक आणि पर्याय अधिक. सावंतवाडी-बांद्याच्या प्रवाशाला आता राज्याबाहेरचा विमानतळच जवळचा वाटू लागला.

२६/
सोलापुरात विमानाच्या वाटेत साखर कारखाना आला. होटगी रस्त्यावरच्या धावपट्टीजवळ श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची वीजनिर्मितीची उंच चिमणी होती. ती उड्डाणाला अडथळा ठरवली गेली. एका बाजूला विमानाची वाट पाहणारे शहर, दुसऱ्या बाजूला ज्यांचा ऊस त्या कारखान्यात गाळला जातो ते सभासद शेतकरी. वर्षानुवर्षे आंदोलने आणि न्यायालयीन लढाया झाल्या. जून २०२३ मध्ये चिमणी पाडली गेली. ९ जून २०२५ रोजी सोलापुरातून विमान उडाले, ते गोव्याला.

२७/
नव्या विमानतळांना जमीन लागते आणि ती कोणाची तरी असते. पनवेल-उरणच्या शेतकऱ्यांनी नवी मुंबईच्या उभारणीच्या वेळी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये आंदोलन केले. पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्यातूनच संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व पुढे आले. त्याच भूमीवर दहा गावे उठवून, उलव्याची टेकडी सपाट करून नवी मुंबई विमानतळ झाला. त्याचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. विमानतळाला दि. बां.चे नाव द्यावे, ही मागणी स्थानिकांनी लावून धरली, ती यासाठी.

२८/
पुण्याच्या नव्या विमानतळासाठी पुरंदर तालुक्यातील सात गावांची जमीन आखली गेली आहे. अंजीर आणि सीताफळाच्या बागांचा हा मुलूख. त्या सात गावांत महात्मा जोतीराव फुले यांच्या घराण्याचे खानवडीही आहे. २०२५ मध्ये तेथील शेतकरी मोजणीला विरोध करत रस्त्यावर उतरले. हवाई दलाच्या धावपट्टीवर पाहुणा असलेल्या पुण्याला स्वतःचा विमानतळ हवा आहे, हेही खरे. आणि बागाईत एकदा गेली की परत येत नाही, हेही खरे.

२९/
तर हा नकाशा असा घडला. जुहूला टपालाने, लोहगाव आणि बिरसीला युद्धाने, ओझरला लढाऊ विमानांच्या कारखान्याने, चिकलठाण्याला पर्यटकाने, नांदेड-शिर्डीला यात्रेकरूने विमान दिले. 'या प्रदेशातील माणसाला कोठे जायचे आहे?' हा प्रश्न विचारून बांधलेला विमानतळ या यादीत कोल्हापूरव्यतिरिक्त क्वचितच सापडतो. म्हणूनच धावपट्टी झाली की सेवा आली, असे महाराष्ट्रात वारंवार गृहीत धरले गेले आणि वारंवार चुकले.

३०/
१६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची विमानसेवा सुरू झाली. पश्चिम विदर्भाला राजधानीचा हवाई रस्ता मिळाला. तो टिकेल का, हे बेलोऱ्याच्या धावपट्टीवर फारसे अवलंबून नाही. ते अवलंबून आहे मुंबईत मिळणाऱ्या वेळेवर. नवी मुंबईमुळे प्रथमच अशी जागा मोठ्या प्रमाणात उपलब्ध होत आहे. ती सारी दिल्ली, दुबई आणि लंडनला जाणार, की तिच्यातील काही वाटा गोंदिया, जळगाव, अमरावती आणि नांदेडसाठी राखला जाणार, हा निर्णय कंपन्यांच्या हिशेबावर सोडला तर त्याचे उत्तर वायुदूतपासूनच्या इतिहासाने आधीच दिलेले आहे.

३१/
१९५३ च्या नागपूर करारात न्याय्य वाट्याचे वचन होते. त्या काळी ते पाणी, शाळा आणि नोकऱ्यांबद्दल होते. आज मुंबईच्या धावपट्टीवरची सकाळची पंधरा मिनिटे हीदेखील एक वाटून घेण्याची संपत्ती बनली आहे. नांदेडचे विमान २०१७ मध्ये हैदराबादला गेले, कारण जुने नाते तिकडचे होते आणि नव्या राजधानीत त्याच्यासाठी पुरेशी जागा नव्हती. जुने नाते वाईट नाही, ते टिकावेच. परंतु एका राज्यातील माणसाला आपल्या राजधानीत सकाळी जाऊन संध्याकाळी घरी परतता यावे, एवढी अपेक्षा साठीपार गेलेल्या राज्याकडून करणे गैर ठरणार नाही.